दिवसाची लाईट

बारामती, ९ जानेवारी

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

‘बारामतीत राजकारण सोडून बघायला आहे काय?’ असं तुम्ही निघताना विचारलंत. वीज आहे. मासिकाला लेख हवा म्हणून आले हे खरं, पण दादा म्युनिकहून दर रविवारी फोनवर युरोपच्या पवनचक्क्या ऐकवतो, त्यालाही आपल्याकडचं काही ऐकवावं म्हटलं.

पाटस सोडलं आणि एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे जी अडकली ती अडकलीच. गळीत हंगाम ऐन भरात आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सगळ्या साखर कारखान्यांची धुराडी चालू. इथली सूर्याच्या आधीची हिरवी वीज उसाच्या चिपाडांची, म्हणजे बगॅसची. शंभर किलो उसामागे अठ्ठावीस-तीस किलो बगॅस निघतो, त्यातही निम्मं पाणी. पूर्वी तो संपवायचा कसा हीच चिंता, म्हणून कमी दाबाच्या बॉयलरमध्ये उधळमाधळ करून जाळायचे. जास्त दाबाचे बॉयलर आले आणि तेवढ्याच बगॅसवर कारखाना चालवून उरलेली वीज विकता येऊ लागली. आज एका कारखान्यात बगॅसचा ढीग पाहिला, दोन-तीन मजली असेल. पट्ट्यावरून तो बॉयलरकडे सरकतो तेव्हा गरम, आंबूस वास येतो आणि बारीक तूस थेट नाकात. तोंडाला रुमाल बांधलेला एक कामगार लांब काठीने अडलेला गोळा फोडत होता. ही वीज पुढे कुठे जाते, असं विचारलं तर म्हणाला, “तारंत.”

हिशेब मात्र जमेनासा झालाय. सूर्याची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळायला लागल्यावर बगॅसच्या विजेला जुना भाव कोण देणार? २०२४ साली सरकारला सहवीज प्रकल्पांसाठी युनिटमागे दीड रुपया अनुदान जाहीर करावं लागलं. शिवाय एप्रिल-मेमध्ये राज्याची मागणी चढते तेव्हा बहुतेक बॉयलर गार पडलेले असतात.

आईला सांगा, जेवणाचे हाल नाहीत. पिठलं-भाकरी रोज.

आपली,
सुमन


शिर्सुफळ, ११ जानेवारी

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

बारामती तालुका एक नाही, दोन आहेत. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. त्याच्या खाली ऊस, केळी, बंगले. वरच्या अंगाला जिरायत, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. शिर्सुफळ या वरच्या अंगाला. इथे महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, म्हणजे तुमच्या जुन्या वीज मंडळाचाच म्हणा ना. तुमच्या कोयनेच्या पोफळी वीजघरातल्या एका मशीनएवढाही नाही, असं तुम्ही म्हणणार. त्यातून रात्र, सकाळ-संध्याकाळ आणि ढग वजा केले की वर्षाची सरासरी पाचव्या हिश्श्यावर येते.

कुंपणाबाहेरून पाहिलं. निळ्या काचांच्या रांगा, सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून. आवाज नाही, माणूस नाही. पोफळीत जमिनीखाली उतरताना पायांना जाणवणारी ती थरथर आठवली. इथे तसलं काही नाही. काचांवर धूळ बसली की उत्पादन घटतं, मग त्या धुवाव्या लागतात, आणि या गावांना पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको.

गंमत म्हणजे याच शिर्सुफळच्या माळावर वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. इथे आणि इंदापूरच्या कडबनवाडीत. लांडगा, चिंकारा, खोकड, शिवाय धाविक, चंडोल असले माळावरचे पक्षी. सातबाऱ्यावर ‘पडीक’ नाहीतर ‘गायरान’ लिहिलेली जमीन लांडग्याला घर असते आणि मेंढपाळाला कुरण. एक म्हातारा मेंढपाळ भेटला. सौर प्रकल्पाचा त्याला राग नाही. “सूर्य काय कुणाच्या बापाचा नाय,” म्हणाला, “पर गवात हाय.”

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पाला खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलंय. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख. मेंढ्या चारणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्यामुळे त्याला भाडंही नाही. राज्यात काही गावांनी गायरान द्यायला विरोध केला, तो मला आडमुठेपणा वाटत नाही. दादाकडच्या बव्हेरियाने तर याहून ताणलं. उत्तरेच्या वाऱ्याची वीज दक्षिणेत आणणारी ज्यूडलिंक वाहिनी डोक्यावरून नको म्हणून लोक अडले, सुमारे सातशे किलोमीटर केबल जमिनीखाली घालायची ठरली, आणि २०२२ ला होणारं काम आता २०२८ वर गेलंय. तिथल्या घरमालकांचं ऐकलं गेलं. इथल्या मेंढपाळाचं कोण ऐकणार?

आपली,
सुमन


निमगाव केतकी, १३ जानेवारी

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

आज पत्र लांबणार. ज्यांच्याकडे उतरलेय त्यांची डाळिंबाची बाग आणि दोन एकर ऊस. घरातले काका साठीचे, तुम्हाला आवडतील. उभी हयात रात्रीच्या लाईटवर काढली म्हणतात. शेतीची लाईट आठवडाभर दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री. थंडीत पहाटे दोनला थ्री फेज आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. गुडघाभर गार पाणी, उसात काय दडलंय ठाऊक नाही. पूर्वी साप आणि विंचू, आता बिबट्याचीही धास्ती. लाईट गेली की बांधावर बसून वाट बघायची, कारण ऑटो स्विच लावला तरी पाणी कुठल्या सरीत शिरलंय ते माणसालाच बघावं लागतं. काकूंनी मधेच सांगितलं, “हे गेले की आमचाबी डोळा लागायचा नाय.”

आता त्यांच्या फीडरला दिवसा लाईट असते. २०२३ मध्ये आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा गाभा हाच: उपकेंद्राच्या जवळपास दोन-पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प, त्याची वीज तिथल्या तिथे शेतीच्या फीडरला. लांबून आणायची नाही म्हणून तारेत फारशी वाया जायची नाही. राज्याने उद्दिष्ट वाढवत १६,००० मेगावॅटवर नेलंय. युरोपात उन्हाच्या विजेचं काय करायचं हा प्रश्न दुपारी पडतो. जर्मनीत २०२४ मध्ये साडेचारशेहून जास्त तास विजेचा बाजारभाव शून्याखाली होता, म्हणजे वीज घ्या आणि वर पैसेही घ्या. आपल्याकडे दुपारच्या विजेला हक्काचं गिऱ्हाईक तयार आहे: विहिरीतली मोटार. या एका बाबतीत आपण दादापुढे आहोत, त्याला कळवा.

दुसरी योजना ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. दहा टक्के रक्कम शेतकऱ्याची, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. काकांच्या भावकीत एकाने बसवलाय. सकाळी ऊन चढेपर्यंत पाणी बारीक, ढग आले की धार पडते. डीपी जळाला तरी याचं काही अडत नाही, ही मोठी सोय. पण पाण्याची पाळी नसेल त्या दिवशी ती पॅनेलं नुसती तापत बसतात, ती वीज कुणाच्याच कामाची नाही. वाहिनीवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज दुसरीकडे जाऊ शकते. मला विचाराल तर जिथे तार पोचलेली आहे तिथे वाहिनीच सौर करावी आणि पंप तार न पोचलेल्या रानासाठी ठेवावेत.

एक गोष्ट काकांनीच काढली. साडेसात एचपीपर्यंत वीजबिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं माफ. लाईट दिवसा, तीही फुकट. “मग मोटार बंद कुणी करायची?” त्यांची विहीर मार्चलाच तळ दाखवते. डाळिंबाला ठिबक आहे, उसाला अजून पाटपाणी. सूर्य संपत नाही म्हणून पाणी संपायचं राहत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळतं.

आपली,
सुमन


पळसदेव, १५ जानेवारी

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

उजनीच्या काठावर बसून लिहितेय. जुनं पळसदेव पाण्यात गेलं, देऊळ पाणी ओसरलं की उघडं पडतं. सध्या पाणी भरपूर, भिगवणकडे परदेशी पक्षी आणि त्यांच्यामागे कॅमेरेवाले. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात उतरून उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. तेव्हा इथले शेतकरी पाण्यामागे मोटारी हलवत होते. पाणी मागे सरलं की पाईप जोडायचा, केबल वाढवायची, चिखलातून मोटार पुढे ढकलायची. केबल लांबली की व्होल्टेज पडतं, मोटार जळते. अशा जागी सौर पंप पक्का रोवून काय उपयोग?

चहाच्या टपरीवर एकाने सुचवलं की पॅनेल पाण्यावरच तरंगवा, जमिनीचा तंटाच नको. शेजारी बसलेला चिलापी पकडणारा उखडला, “मग जाळं कुठं टाकायचं, काचंवर?” जायकवाडीवर हाच वाद झालाय.

संध्याकाळी सहानंतर पलीकडच्या गावांत दिवे लागले. शेतीच्या मोटारी बंद, पण घरं, गिरण्या, शहरं चालू, आणि सूर्य गेलेला. उजनीच्या पायथ्याला वीजघर आहे ते १२ मेगावॅटचं. राज्याची संध्याकाळ त्यावर भागत नाही, ती कोळशावर आणि तुमच्या कोयनेवर. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले, तेव्हा तुम्ही फोनवर पहिला प्रश्न व्होल्टेजचा केला होतात, आणि पुढे तपासात व्होल्टेज हाताबाहेर चढल्याचंच निघालं. ऊन भरपूर होतं, व्होल्टेज धरून ठेवणारं कुणी पुरेसं नव्हतं. पॅनेलं वाढतील तशी ते काम करणारी यंत्रणा जास्त लागेल, कमी नाही. कोयनेच्या चौथ्या टप्प्याचे हजार मेगावॅट संध्याकाळसाठीच बांधले, हे तुमचं म्हणणं मला या दौऱ्यात नीट उमगलं.

तेव्हा निवृत्तांच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढाच. दुपार आता बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांनी सांभाळावी. कोयनेला पश्चिमेकडे वीज करायला वर्षाचं पाणी साडेसदुसष्ट टीएमसी, तेही लवादाने बांधून दिलेलं. ते भर दुपारी खर्ची घालणं यापुढे परवडणारं नाही.

आपली,
सुमन