दोष मुठीत होता

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी ३२ वर्षे फिटर होतो. पाळी सुटली की त्या काळी बोईसरच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा लोटत असे. माझी काळी, २८ इंची सायकल त्यांपैकीच एक. निवृत्तीनंतरही आमची सोबत सुटली नाही. वयाच्या ७२ व्या वर्षी भाजी, औषधे आणि नातीला शाळेत पोहोचवणे ही आम्हा दोघांची कामे होती.

गेल्या पावसाळ्यात ब्रेक पूर्वीसारखा लागेनासा झाला. अशा जुन्या सायकलींना तारेऐवजी सळ्यांचे ब्रेक असतात. मूठ आवळली की सळी ओढली जाते आणि रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या बाजूस घासतात. पोलादी रिम ओली झाली की पकड कमी होते. त्यात खाऱ्या हवेने सांधे गंजतात. तेव्हा दोष सायकलीचाच, असे माझ्यातल्या फिटरने ठरवून टाकले.

मग घरगुती प्रयोग सुरू झाले. प्रथम स्कूटरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून ठोकळ्यांच्या जागी बसवले. कोरड्या रस्त्यावर ते बरे चालले, पहिल्याच सरीत घसरू लागले. नंतर मुठीला नळीचा तुकडा जोडून ती लांब केली. तरफेचे गणित मला पाठ होते : जोर वाढतो, पण अंतर घटते. झालेही तसेच. मूठ हँडलला टेकली तरी रबर रिमला पुरते भिडेना. शेवटी उजवा हात लवकर थकतो म्हणून तारेच्या साहाय्याने दोन्ही ब्रेक डाव्या मुठीला जोडले. एका हाताचे बळ आता दोन चाकांत वाटले गेले आणि कोणतेच चाक नीट थांबेना.

हे सारे पाहून सूनबाई एकदा म्हणाली, “बाबा, ब्रेक इतके तपासता, एकदा हातही तपासून घ्या ना.” मी हसण्यावारी नेले. ऐन तारुण्यात पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीचा उतार मी याच सायकलीने उतरलो होतो. मला काय होणार?

श्रावणातल्या एका सकाळी नात मागे कॅरियरवर बसली होती. घराजवळच्या लहानशा उतारावर शेळी आडवी आली. मी मूठ आवळली. निदान तसे मला वाटले. सायकल कुंपणात शिरली. नातीचा गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावले. ती रडली नाही. एवढेच विचारले, “आजोबा, ब्रेक लागला नाही का?”

मला उत्तर ठाऊक होते. ब्रेक मी पुरता दाबलाच नव्हता. बोटांत तेवढे बळ उरले नव्हते.

डॉक्टरांनी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दाखवला. तो डाव्याच्या मानाने सपाट झाला होता. “काका, रात्री मुंग्या येऊन जाग येते का? शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात का?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ होते आणि दोन्ही गोष्टी मी घरात लपवल्या होत्या. मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याचे निदान झाले. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास अधिक संभवतो, म्हणून रक्तातील साखर तपासली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि काही व्यायाम सुरू झाले. दुखणे फार काळ अंगावर काढले तर स्नायूंचे गेलेले बळ पूर्ण परत येईलच असे नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

सायकलीला मूळचे ब्रेक आणि नवे रबर बसवून घेतले आहेत. तरी सध्या मी ती चालवत नाही. हँडलला पिशवी अडकवून हाताने ढकलत बाजारात नेतो. नात शेजारून चालते.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून कप निसटू लागला, बाटलीचे झाकण उघडेना, बटणे लावायला वेळ लागू लागला, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, जे सूनबाईला दिसले ते मला दिसत नव्हते असे नाही. मला ते मान्य करायचे नव्हते. त्याची किंमत नातीच्या गुडघ्याने चुकवली.