आबा, बाबुली आणि मधली माणसं

दिलीप प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका 'अल्फा मराठी'वर सुरू झाली २००१ मध्ये. म्हणजे ज्यांना घरोघरी आजोबा मानलं गेलं, ते आबा टिपरे साकारणारे प्रभावळकर तेव्हा जेमतेम सत्तावन्नचे होते. त्या वयाची माणसं अजून कचेरीत जात असतात, लोकल चुकू नये म्हणून पुलाचे जिने भराभर चढत असतात. आबांच्या उठण्याबसण्यात आधी गुडघ्यांचा विचार दिसायचा आणि मग हालचाल. आज प्रभावळकर खरोखर आबांच्या वयाचे झालेत, आबांच्याही पुढे गेलेत, आणि अजून काम करताहेत. त्यांच्यावर सलग काही लिहायला बसलं की लेख फार शहाणा व्हायला लागतो, म्हणून ही सुटी टिपणं.

*

टिपऱ्यांच्या घरात मोठं असं काही घडायचं नाही. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. कुणाचा तरी रुसवा, कुणाची तरी थाप, घरी येऊन ठाण मांडून बसलेला पाहुणा. आठवड्याला एक भाग. केदार शिंदेंचं दिग्दर्शन. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी' या सदराचं आणि पुस्तकाचं. म्हणून भागाच्या शेवटी आबा रोजनिशी लिहायला बसायचे.

पुन्हा पाहताना मी मुद्दाम एक करते. ज्या प्रसंगात आबांना वाक्य नाही, तिथे फक्त त्यांच्याकडे बघते. बाकीचे चौघं एकाच वेळी बोलताहेत, आबा कडेला बसलेत. शिऱ्याची थाप त्यांना कळलीय, हे श्यामलाच्या आधी आपल्याला कळतं. भुवई उडवून किंवा कॅमेऱ्याकडे सूचक बघून ते सांगत नाहीत. मान किंचित नातवाकडे वळते, तिथेच थांबते, आणि मग ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किती कळलेलं असतं आणि त्यातलं किती थोडं तो बोलतो, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आमच्याकडे त्या वेळी आजोबा होते. मालिका लागली की ते खुर्ची थोडी पुढे ओढून घ्यायचे. आबांना घरच्यांनी काही ऐकवलं की ते आमच्याकडे बघायचे, आणि आम्ही टीव्हीकडे.

*

आईचे प्रभावळकर वेगळे. तिच्यासाठी ते चिमणराव.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका आली त्याच दशकाच्या उत्तरार्धात, कृष्णधवल. चाळीत टीव्ही एखाद्याच घरी. त्या घरच्या बाईला संध्याकाळी आठवणीने सतरंजी अंथरावी लागे, चपलांचा ढीग दारात, पोरं पुढे, पुरुष उंबऱ्यावर. चि. वि. जोशींचे चिमणराव लोकांनी आधीच वाचलेले होते. १९४० च्या 'लग्न पाहावं करून'मध्ये दामुअण्णा मालवणकरांनी ते उभेही केले होते. म्हणजे तिशीतल्या नटाच्या वाट्याला जी भूमिका आली, तिची प्रत्येकाच्या डोक्यात एक मूर्ती तयार होती. आई म्हणते, पहिल्या दोनचार भागांतच ती मूर्ती पुसली गेली, आणि चिमणराव म्हटलं की तो बारीक, जरासा घाबरट आवाजच कानात यायला लागला.

शेजारी बाळ कर्व्यांचा दणदणीत गुंड्याभाऊ. एक जण अंग चोरून उभा, दुसऱ्याला खोली अपुरी. ती जोडी इतकी घट्ट बसली की पुढे वर्षानुवर्षं लोक कर्व्यांना गुंड्याभाऊच म्हणत राहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. नव्वदी पार केलेली होती, तरी बातमी वाचून आई दुपारभर गप्प होती. पुढच्याच महिन्यात, १२ सप्टेंबरला, प्रभावळकरांचा 'दशावतार' लागला, आणि चिमणराव एक्क्याऐंशीव्या वर्षी पडद्यावर मध्यभागी उभे आहेत हे तिने थिएटरात जाऊन पाहिलं.

*

'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण. 'चौकट राजा'तला नंदू. 'साळसूद'मधला गोड बोलून गळा कापणारा. 'झपाटलेला'तला तात्या विंचू, ज्याच्या नावाने माझ्या पिढीतली पोरं रात्री पांघरुणातून पाय बाहेर काढत नसत. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. हे सगळे एकाच माणसाने केलेत, हे एखाद्या परदेशी पाहुण्याला पटवून देणं अवघड आहे. गांधीजींच्या त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी मिळून त्यांना २००६ चा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या कागदावर 'सहाय्यक' हा शब्द येतो, तो येवो. तात्या विंचू आणि महात्मा गांधी हे दोन्ही ज्याच्या चेहऱ्यावर बसले, त्याच्या कामाला कुठला रकाना पुरणार?

*

'हसवाफसवी'बद्दल जरा सविस्तर.

नाटक त्यांनी स्वतः लिहिलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर आणलं, आणि त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या. वेषांतराचा वेग, बदललेली चाल, बदललेला आवाज, बाई, पुरुष, परदेशी पाहुणा. लोक हसून हसून बेजार होत. आणि मग यायचे कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीचा जमाना गाजवलेले वृद्ध गायकनट.

लिहिणाऱ्याने हा म्हातारा विनोदाच्या नाटकात का घातला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हशा तर चालूच होता. पण कृष्णराव आले की प्रेक्षागृह हळूहळू शांत होत जाई. त्यांचं बोलणं गमतीचंच असे, लोक हसतही असत, पण तो हशा जपून येई, समोरच्या माणसाला लागू नये असा. टाळ्या थांबून अनेक वर्षं झालेला नट पुन्हा प्रकाशात येतो, तेव्हा पाठ ताठ करायची जुनी सवय आणि आता न ऐकणारी पाठ, दोन्ही एकाच वेळी दिसतात. प्रभावळकर तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते. वार्धक्याची नक्कल करणारे नट आपल्याकडे खंडीभर आहेत. कापरा हात, खोकला, काठी, झालं. ह्यांनी म्हाताऱ्याचा मान बघितला. अंग साथ सोडत असताना माणूस स्वतःची आब कशी राखतो, ते त्यांना तेव्हाच दिसलं होतं. आबा टिपरे त्याच नजरेतून आले असणार.

*

रत्नाकर मतकरींचं 'आरण्यक'. युद्ध संपलंय, कौरव गेलेत, आणि धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर अरण्यात निघालेत. सत्तरच्या दशकात ते आलं तेव्हा रवी पटवर्धन धृतराष्ट्र होते आणि प्रभावळकर विदुर. २०१८ मध्ये मतकरींनी ते पुन्हा उभं केलं आणि हेच दोघं पुन्हा त्याच भूमिकांत उभे राहिले. पटवर्धन ऐंशी पार, प्रभावळकर चौऱ्याहत्तर.

मुक्तछंदातली लांब लांब वाक्यं, आणि कुठेही श्वास उसना घेतलेला नाही. तरुणपणी विदुराचं वय अंगावर चढवावं लागलं असेल. आता ते आपसूक आलं होतं, आणि तरीही त्यांनी ते फुकटचं वापरलं नाही. थकलेला माणूस मंचावर नुसता उभा केला की प्रेक्षक हळवे होतातच. तो हळवेपणा त्यांनी घेतला नाही. विदुराचं दुःख होतं ते सगळं आधी दिसत असूनही कुणाला थांबवता न आल्याचं, आणि तेच शेवटपर्यंत दिसत राहिलं.

२०२० मध्ये मतकरी गेले, वर्ष संपताना रवी पटवर्धनही. तो प्रयोग बघायला मिळाला, हे माझं भाग्य.

*

'दशावतार'मधला बाबुली मेस्त्री. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. म्हातारा दशावतारी नट, नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतोय आता पुरे. पुढे गोष्ट जंगलाकडे आणि खाणीकडे वळते, ती इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

माझं आजोळ कुडाळजवळचं. जत्रेतला दशावतार ज्याने अर्ध्या झोपेत का होईना पाहिलाय, त्याला या भूमिकेतली मेहनत जास्त कळेल. कंपनी गावात येते ती पेटारे घेऊन. देवळाच्या आडोशाला एक बल्ब, समोर छोटा आरसा, आणि जो तो आपला चेहरा आपणच रंगवतो. रंगभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो. मंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पलंग, तोच डोंगर. आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, मग वेद पळवणारा संकासुर मालवणीत लोकांना हसवून सोडतो. आख्यान त्यानंतर, आणि त्याची संहिता कुठे लिहिलेली नसते. कुठली कथा, कोण कुणाच्या भूमिकेत, एवढं ठरलं की राजा आणि राक्षस आपापली वाक्यं उभ्याउभ्या रचतात. पायपेटीवाला आणि मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघून साथ करतात. पहाटेपर्यंत.

बाबुली आरशासमोर बसतो तेव्हा प्रभावळकरांची बोटं बघा. दिसत कमी असलेल्या माणसाची बोटं चेहऱ्यावरची रेघ सवयीने शोधतात. गालाचं हाड कुठे संपतं ते त्याला डोळ्यांनी बघावं लागत नाही, जन्मभर तिथेच रंग लावलाय. हा अभिनय ऐंशीच्या पुढचा माणूस करतोय, आणि त्याने स्वतःही उभ्या जन्मात असंख्य आरशांसमोर बसून असंख्य चेहरे लावलेत. बाबुली कुठे संपतो आणि प्रभावळकर कुठे सुरू होतात, हे त्या जागी मला सांगता येणार नाही. थिएटरात माझ्या शेजारच्या अनोळखी काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता, आणि मीही.

*

त्यांच्या प्रत्येक मुलाखतीत 'या वयात एवढी ऊर्जा कुठून आणता?' हे विचारलं जातं. प्रश्न प्रेमाने येतो, पण मला तो अपुरा वाटतो. बळ पुष्कळांकडे असतं. या माणसाकडे नजर आहे, आणि ती साठ वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवलेली आहे. विचारायचंच तर बाबुलीचा आवाज कसा सापडला ते विचारा, 'नारबाची वाडी' या चित्रपटातल्या नारोबाची मालवणी आणि ही मालवणी यांत काय फरक केलात ते विचारा. ते उत्तर ऐकायला मी रात्रभर बसेन.

*

आणखी एक गोष्ट, जी पुरेशी बोलली जात नाही. रोजच्या मालिकांमध्ये म्हातारी माणसं असतात ती सोफ्यावर. आशीर्वाद द्यायला, औषध विसरायला, हार घातलेल्या फोटोत जायला. त्यांना स्वतःची इच्छा नसते, स्वतःचं गुपित नसतं. प्रभावळकरांनी अशा भूमिकांची वाट पाहिली नाही, त्यांनी आपली म्हातारी माणसं स्वतः लिहून काढली. कृष्णराव लिहिले. आबा लिहिले. 'चूकभूल द्यावी घ्यावी'मधलं ज्येष्ठ जोडपं लिहिलं, ज्याची २०१७ मध्ये 'झी मराठी'वर मालिका झाली. राजाभाऊ झाले प्रभावळकर, मालती झाल्या सुकन्या कुलकर्णी, आणि म्हातारपणीचा संशय, रुसवा, प्रेम हे सगळं त्यांना बिनदिक्कत करायला मिळालं. अलीकडे 'पत्रापत्री', दोन वयस्क माणसांचा पत्रव्यवहार, मंचावर विजय केंकऱ्यांच्या सोबतीने. आणि मधल्या काळात पोरांसाठी 'बोक्या सातबंडे'. आजोबा लिहिणाऱ्याने नातूही लिहून ठेवला.

आपल्या उतारवयातलं काम आपणच आधी लिहून ठेवलेला दुसरा नट मला आठवत नाही. तरुण लेखकांनी त्यांच्याकडून हे घ्यावं असं फार वाटतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला एखाद्या प्रसंगात काहीतरी हवं असू द्या. मग बघा काय होतं.

*

अशोक सराफही 'अशोक मा.मा.'मधून २०२४ मध्ये मालिकेत परत आले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. त्यांच्यावर वेगळी वही लागेल. 'एक डाव भुताचा'मध्ये दोघं एकत्र होते, एवढं इथे नोंदवते.

*

'पत्रापत्री'चा प्रयोग गडकरी रंगायतनला कधी लागतोय, यावर लक्ष ठेवून आहे. आईला पहिल्या दोन रांगांतलंच तिकीट हवंय. तिला हल्ली ऐकू कमी येतं, मागे बसलं तर निम्मी वाक्यं जातील, म्हणून मी मशीन लावून चल म्हटलं. ती म्हणाली, मशीन लावीन, पण रांग पहिलीच काढ, चिमणरावांना मी कधी जवळून पाहिलेलं नाही.