चार आण्यांची पाळी

आमची सामाईक विहीर पुरंदर तालुक्यातली, कऱ्हेकाठची. आजोबा आणि त्यांच्या तीन भावांनी मिळून खोदलेली, म्हणून प्रत्येकाचा हिस्सा चार आणे. नाण्यांतले आणे कधीच गेले, पण विहिरीतले राहिले. आठ दिवसांचा फेरा असायचा. चार आणेवाल्याला दोन दिवस, दोन आणेवाल्याला एक. आम्ही चुलतभावंडं अपूर्णांक शिकलो ते असे, शाळेत नंतर.

मोटेचे बैल आम्ही पाहिले नाहीत. धावेवर तेव्हा गवत माजलेलं होतं, थारोळ्याच्या दगडावर काकू धुणं धूत. आमच्या वाट्याला आलं ते ऑईल इंजिन. पाळी रात्री आली की मोठे भाऊ खोरं घेऊन दारं धरायला जात आणि आम्हां धाकट्यांपैकी कुणीतरी कंदील धरायला. वाफा भरत आला की पुढचं दार फोडायचं, मागचं चिखलानं बुजवायचं. भरपूर पाणी असलं की इंजिन ठाय लयीत चाले. फुटव्हॉल्व उघडा पडत आला की आवाज पोकळ होई आणि ओट्यावर झोपलेले नाना ताडकन उठून बसत.

भांडणं होतच. सगळ्यात जुनं भांडण पाटातल्या पाण्याचं. पाळी संपली, इंजिन बंद केलं, पण विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाटात पाणी वाहतंच आहे, ते कुणाचं? आजीनं निकाल दिला होता की ज्याच्या वेळात उपसलं त्याचं. पुढच्याला भिजलेला पाट मिळतो, तोच त्याचा फायदा. हा निकाल कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडल्याचं मला आठवत नाही. बांध कोरण्यात आमच्यातल्या कुणीच कमी नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. शहाणपण होतं ते फक्त विहिरीपुरतं.

आणि तेही आपोआप आलेलं नव्हतं. 1972 चा दुष्काळ आम्ही शाळकरी वयात पाहिला. आईबाप रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला, आम्ही सुकडीच्या रांगेत, घरात लाल मिलोच्या भाकरी. त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलं. पुढं पाऊस झाला तेव्हा चारी घरांनी मिळून यारी लावून गाळ काढला आणि आबांनी आतल्या एका पायरीवर छिन्नीनं खूण केली. पाणी त्या खुणेखाली गेलं की कांदा बंद, घास बंद. पाणी फक्त जनावरांना आणि अंजिराच्या झाडांना. मीठा बहार धरला असेल तर तोही ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर. ऊस लावायचा प्रश्नच नव्हता.

याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी त्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. आत्याचं सासर त्या बाजूचं, म्हणून तिथल्या गोष्टी आमच्या ओसरीवर यायच्या. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या संख्येनं. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. नानांना हे पटायचं नाही. ज्यानं विहीर खोदली नाही त्याला पाणी कशाचं, असं ते विचारत. आम्ही मुलांनी मात्र लगेच घरातली डोकी मोजली. तान्ह्या भावालाही अर्धा एकर येत होता, याचं आम्हांला फार हसू आलं होतं.

आता कळतं की साळुंख्यांचा हिशेब आमच्या आण्यांपेक्षा सरस होता. पुढं आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. जमिनीबरोबर विहिरीतला वाटाही गेला, आणि ते लक्षात आणून द्यावं असं कुणाला वाटलं नाही; खरं तर आम्हांलाही नाही.

मग बोअर आलं. तसं ते बहात्तरच्या दुष्काळातच आलेलं, पण प्यायच्या पाण्यासाठी, हातपंपासाठी. सोलापूरच्या पंपावरून पुढं सुधारलेला तो जाडजूड हातपंप शाळेसमोर बसला तेव्हा आम्ही त्याला लोंबकळायचो. शेतात बोअरची गाडी शिरली ती नंतर. आमचा भाग काळ्या कातळाचा; महाराष्ट्राचा बहुतेक भाग तसाच आहे. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा यांतच काय ते पाणी मावतं. पाऊस चांगला झाला की विहीर भरते, कारण विहीर त्या वरच्या थरावरच जगते. खोल भेगांतलं पाणी पुन्हा भरायला मात्र फार वेळ लागतो. पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून शेतभर फिरला, एका चुलतभावानं त्या जागी खुंटी ठोकली, गाडीनं रात्रभर फुफाटा उडवला आणि पहाटे दोन इंची पाणी लागलं. पेढे वाटले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत बाकीच्यांनीही बोअर घेतलं, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा खोल. विहीर फेब्रुवारीतच खुणेखाली जाऊ लागली.

माणसं हावरी झाली, असं आमच्यातले काही म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. विहिरीत वाकून बघता यायचं. पाणी किती परस आहे, कुणी किती उपसलं, हे चारी घरांना एकाच वेळी दिसायचं. बोअरच्या सहा इंची तोंडातून काय दिसणार? न दिसणाऱ्या पाण्याची पाळी लावायची कशी, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं. 1993 चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला परवानगी मागत होता. 2009 च्या कायद्यात तर साठ मीटरपेक्षा खोल जायलाच बंधन आहे. आमच्या वावरात रात्री आलेल्या गाडीला हे कुणी विचारलं नाही, आणि बोलावणारे आम्हीच होतो.

आता पाऊस चार दिवसांत कोसळून जातो आणि मग महिना कोरडा. शेततळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरून लोक बोअरचंच पाणी वर आणून साठवतात, म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात ठेवतात. याला पाणी साठवणं का म्हणावं, हे मला कळत नाही. पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचं, म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी डोंगर चढून येतं. वास येतो, पण येतं. त्यासाठी पैसे भरायचे, नंबर लावायचा.

त्या नंबरामुळेच भाच्यांना पुन्हा एकत्र बसावं लागलं. योजनेचं पाणी जुन्या विहिरीत सोडायचं आणि तिथून चौघांनी घ्यायचं ठरलं. पाळीपत्रक व्हॉट्सअॅपवर येतं. एका भाच्यानं आम्हां बहिणींची नावंही त्या ग्रुपमध्ये घातली आहेत, म्हणून हे सगळं मला मुंबईत बसून कळतं. मागच्या महिन्यात मोटर जळाली. कुणाच्या पाळीत जळाली यावर दोन दिवस मेसेज चालले. शेवटी खर्च चार-चार आणे. फक्त एकानं विचारलंय, लाईट गेलेल्या रात्रीची पाळी भरून मिळणार का. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.