तोफ न ऐकलेले

पावनखिंडीची गोष्ट सांगताना ऐकणाऱ्या पोराचे कान विशाळगडाकडे लागलेले असतात. राजे गडावर पोचले, तोफा झाल्या, आता बाजीप्रभूंनी डोळे मिटले तरी चालेल. १६६० सालची ही गोष्ट एवढी दुःखाची, पण त्या तोफांमुळे मनाला समाधान देऊन जाते.

पण प्रत्येक खिंडीच्या नशिबी तोफ नसते, बरं का!

मे १९४० मध्ये जर्मनांच्या रेट्यापुढे ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य डंकर्कच्या किनाऱ्याकडे मागे हटत होतं. त्या धावपळीत लील शहरापाशी सुमारे ४०,००० फ्रेंच सैनिक वेढ्यात सापडले. वेढा फोडायचा प्रयत्न फसला. समोर सात जर्मन डिव्हिजन, त्यांत रणगाड्यांच्याही. तेव्हाच शरण गेले असते, तर कुणी नावं ठेवली नसती. पण जनरल मोलिनिए आणि त्यांची माणसं २८ ते ३१ मे, चार दिवस, गल्लीबोळांतून लढत राहिली. दाणापाणी आणि दारूगोळा संपला, तेव्हा थांबली.

तेवढे दिवस त्या सात डिव्हिजन डंकर्कवर जाऊ शकल्या नाहीत. तिथून ४ जूनपर्यंत ३,३८,००० हून जास्त माणसं बोटींतून सुटली. किती सुटली, हे लीलमधल्यांना सांगणारी तोफ मात्र नव्हती. जर्मनांनीच त्यांचा मान राखला. शहराच्या चौकातून त्यांना शस्त्रांसह संचलन करू दिलं, मानवंदना दिली. मग ते कैदेत गेले. इतिहासाच्या वहीत नोंद झाली, ‘लीलची शरणागती’.

ही नोंद वाचून मला माझी मावशी आठवते. नवरा गेल्यावर तिनं शहापुरातलं कापडाचं दुकान बारा वर्षं रेटलं. देणेकऱ्यांना आज-उद्या करत थोपवून धरलं. तेवढ्यात दोन्ही दिरांची शिक्षणं झाली, ते पुण्याला मार्गी लागले. मग दुकान बंद पडलं. आमच्या नात्यात अजून म्हणतात, “तिच्या हातात आलं आणि दुकान बुडालं.”

बुडणारच होतं हो ते. ते बारा वर्षं कुणी बुडू दिलं नाही, हे विचारायला नको का? मावशी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्या दिरांपैकी कुणीतरी येऊन, “वहिनी, आम्ही पोचलो,” एवढं म्हणावं. तिचे कान अजून शाबूत आहेत.