जमीन नाकारली, म्हणून समुद्रात

त्रिनिदाद म्हटले की आपल्याकडच्या पोरांना ब्रायन लारा आठवतो. मलाही त्यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. धाकटा भाऊ तिथल्या पॉइंट लिसास येथे खताच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला लागला. एकटाच राहतो. "आईला घेऊन या, पुन्हा योग यायचा नाही," असा त्याने फोनवर धोशा लावला. शेवटी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी, सौ., मुलगी आणि आई असे चौघे निघालो. कारकुनाच्या घरात असा खर्च आयुष्यात एकदाच होतो. म्हणून जे पाहिले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, असे वाटते.

वेस्ट इंडिजमधले हे बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान आहे. एका रविवारी भावाने मोटार काढली आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे ठरले. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आईची भीती लवकर गेली. मुलीला मात्र पोहायचे होते. "इतिहास घरी वाचता येतो, समुद्र घरी येत नाही," असे तिचे म्हणणे. बरोबरच होते.

पहिला मुक्काम राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, कॅरेनाजच्या किनाऱ्यावर. समोर पाण्यात पाच-सहा लहान बेटे दिसतात. त्यांतले एक नेल्सन बेट. १८३४ साली ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपवली आणि पुढे चार वर्षांनी आफ्रिकी मजूर खऱ्या अर्थाने मोकळे झाले. उसाच्या मळेवाल्यांना आता स्वस्त हात हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन इथे पोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसे आली, बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली. १८६६ पासून त्यांना आधी या नेल्सन बेटावर उतरवत, तपासत आणि तिथून मळ्यांवर वाटून देत.

पाच वर्षांचा करार, दिवसाचे काम पुरे केले तर पंचवीस सेंट मजुरी, राहायला गुलामांच्या वेळच्या धर्तीची बराक. परवान्याच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकले तर तुरुंग. मी आईला हे सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे पगारी वेठबिगारच की."

या माणसांबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. जहाजावर तीन-तीन महिने एकाच भटारखान्यातले जेवण, एकाच तळात झोपणे. तिथे विटाळ पाळणार कसा आणि कोण? एका जहाजाने आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागले आणि ते नाते सख्ख्या भावासारखे सांभाळू लागले. जात तिथे साफ गेली असे मी म्हणणार नाही. पौरोहित्यावरचा ब्राह्मणांचा दावा तिकडेही बराच काळ टिकला. पण गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, ही व्यवस्था मात्र समुद्र ओलांडून जाऊ शकली नाही. जी गोष्ट हजारो वर्षे अटळ म्हणून सांगितली, ती एका जहाजप्रवासात ढिली पडते, हे पाहण्यासारखे आहे.

तिथून दक्षिणेला वळलो ते युरायह बटलर महामार्गाने. बटलर हे ग्रेनाडा बेटावरून आलेले कामगार पुढारी. १९ जून १९३७ रोजी फायझाबादच्या तेलक्षेत्रात त्यांच्या नेतृत्वाखाली संप पेटला आणि लवकरच उसाचे मजूरही त्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना ज्या जागी डांबले, ती जागा म्हणजे हेच नेल्सन बेट. आज देशाचा मोठा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि १९ जून हा कामगार दिन म्हणून सुट्टीचा असतो. कामगार संघटनेत वर्गणीच्या पावत्या फाडत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या पाटीखालून जाताना बरे वाटले.

शगुआनास गावात नाश्ता केला. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या आणि त्यांवर रसदार चणे, याला तिथे 'डबल्स' म्हणतात. गाडीवरच्या बाईने आईकडे पाहून विचारले, "आजी, तिखट किती घालू?" आम्ही चमकलोच. बाकी सगळे बोलणे इंग्रजी, पण 'आजी' हा शब्द शुद्ध. भावाने सांगितले, इथे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. भोजपुरी बोलणारे आता फार थोडे उरले, पण दाल, भाजी, आलू, बैंगन आणि नात्याचे शब्द टिकले आहेत. त्या बाईला आपले मूळ गाव ठाऊक नव्हते. पणजोबा जहाजाने आले, एवढेच ती सांगू शकली. आईने तिच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. तिखटाचा ठसका लागल्यावर मुलगी पोहण्याचे विसरली.

पुढे जुन्या उसाच्या पट्ट्यातून वॉटर्लू गावच्या किनाऱ्यावर आलो. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली, तेव्हापासून हा ऊस गेला. किनाऱ्यावर गढूळ पाणी, ओहोटीचा चिखल, त्यात चोची खुपसणारे पक्षी. समोर पाण्यात एक लहानसे पांढरे देऊळ आणि तिथवर जाणारी अरुंद वाट. आईने गाडीतून उतरायला नकार दिला. "मी देवळात जात नाही. तुम्ही या पाहून." तिने बावीस प्रतिज्ञा आयुष्यभर पाळल्या आहेत. आमच्यापैकी कोणी आग्रह केला नाही. भाऊ तिच्याजवळ दारात उभा राहून फक्त गोष्ट सांगू लागला.

शिवदास साधू नावाचा एक ऊसमजूर लहानपणी आईबापांबरोबर हिंदुस्थानातून आला. त्याने १९४७ साली या किनाऱ्यावर एक लहान देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. पाच वर्षांनी त्याला ते पाडायला सांगितले. त्याने नकार दिला, म्हणून चौदा दिवसांचा तुरुंग आणि वर दंड झाला. देऊळ पाडून टाकले. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कोणाचा नाही. मग ओहोटी लागली की सायकलवर बादल्या अडकवून तो दगड, वाळू, सिमेंट नेऊ लागला. तेलाची रिकामी पिंपे चिखलात उभी करून त्यांत काँक्रीट भरू लागला. लोक वेडा म्हणायचे. जवळजवळ पंचवीस वर्षे तो भर टाकत राहिला. त्याच्या मागे लाटांनी बांधकाम ढासळले. पुढे १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, सरकारने ते नव्याने उभे केले आणि भरतीतही जाता येईल अशी वाट बांधली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या गावी विहारासाठी दोन गुंठे जागा मिळावी म्हणून वस्तीने अकरा वर्षे अर्ज केले. ते अर्ज मी लिहीत असे आणि आई इतर बायांबरोबर ते घेऊन तालुक्याला हेलपाटे घालत असे. गायरान आहे, रस्त्याची आखणी आहे, मोजणी व्हायची आहे. दर वेळी नवे कारण. शेवटी एका म्हाताऱ्याने आपल्या घराची पडवी दिली, तेव्हा कुठे बुद्धमूर्ती बसली.

आई म्हणाली, "त्याला निदान समुद्र तरी होता. आम्हाला तोही नव्हता."

मग ती उतरली. वाटेच्या सुरुवातीला त्या मजुराचा पुतळा आहे, तिथे थांबली. नंतर आमच्या मुलीचा हात धरून शेवटपर्यंत गेली. देवळात गेली नाही, हातही जोडले नाहीत. बाहेर कठड्याशी वाकून खालच्या दगडांना हात लावला. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, त्यामुळे दगडांवरचा तिचा हात सहज पडला नसणार. "सायकलवर एका खेपेला किती दगड येणार गं?" तिने नातीला विचारले. पोरगी हिशेब करायला लागली आणि थांबली.

सॅन फर्नांडो मागे टाकून संध्याकाळी ला ब्रेया येथे डांबराचे तळे पाहिले. सुमारे शंभर एकरांचे हे नैसर्गिक तळे. १५९५ साली वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या होत्या आणि पुढे इथले डांबर जगभरच्या रस्त्यांवर पडले. वरचा थर इतका घट्ट, की माणूस वाटाड्याबरोबर त्यावरून चालत जातो. आईने चपलेच्या टोकाने दाबून पाहिले. "रस्त्याच्या कामावर बाया हे तापवायच्या, तेव्हा डोळे जळायचे," एवढेच म्हणाली.

परतीच्या वाटेवर मुलगी आजीला विचारत होती, कुठला रस्ता, किती दिवस, मजुरी किती. इतक्या वर्षांत आम्ही दोघा भावांनीही हे तिला कधी विचारले नव्हते. त्रिनिदादला जाणे सगळ्यांना जमणार नाही, ते जरूरही नाही. पण सुट्टीत मुलांना कुठेही नेलेत, धरणावर न्या, किल्ल्यावर न्या, नाहीतर नुसते गावी न्या, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि हे कोणी बांधले, असे त्याच्यादेखत मुलांना विचारू द्या. उत्तर कधी कधी गाडीतच, मागच्या सीटवर बसलेले असते.