शेवटच्या तासाचा दिनार

मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. पहाटे लागलेल्या मजुराला एक दिनार आणि दिवस कलताना तासभर राबलेल्यालाही एकच दिनार! मळ्याचा मालक म्हणजे देव; मग येशूचा देव अन्यायी, असं कुणी म्हटलं तर नवल नाही. पण पहाटेच्या मजुराशी जेवढं ठरलं होतं तेवढं त्याला मिळालंच. त्याचं काही बुडालं नाही. खुपतं ते दुसऱ्याच्या हातातलं. शिवाय दिनार म्हणजे त्या काळची दिवसाची रोजी. त्याहून कमी मिळालं तर घरचे अर्धपोटी राहणार. आणि उशिरा आलेले काही आळशी नव्हते, त्यांना कुणी कामच दिलं नव्हतं. देवाच्या हिशेबात इथे गरज धरली जाते.

मग चांगलं वागायचं कशाला? हा आक्षेप हलका नाही. त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात कठोर न्यायनिवाडाही आहे. मात्र तिथे झाडा घेतला जातो तो भुकेल्याला जेवू घातलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का, याचा. म्हणजे पुन्हा गरजेचाच. मला तरी यात विसंगती दिसत नाही. मळ्याच्या गोष्टीत एक गंमत मात्र आहे: मालकाने मजुरी शेवटच्यांपासून वाटायला सांगितली नसती, तर पहिले आपापला दिनार घेऊन मुकाट घरी गेले असते. त्यांची कुरकुर त्याने बहुधा मुद्दामच ओढवून घेतली.