बारीक अक्षर

४० वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे मोठ्या अक्षरांवर माझा विश्वास नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की मी वधूवरांची नावं सोडून आधी ‘कृपया आहेर आणू नये’ शोधतो.

२०१९ साली लेकाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. नातू दुसरीत. त्याच्या डब्यात रोज टर्कीच्या गुलाबी कापांचं सँडविच. मी जरा नाक मुरडलं, तर सूनबाईंनी पाकीटच पुढे केलं. “बाबा, काळजी नको. हे ‘अनक्युअर्ड’ आहे. नायट्राइट न घातलेलं. दुप्पट पैसे मोजते मी!”

‘क्युअर’ म्हणजे बरं होणं, एवढंच माझं इंग्रजी. मी म्हटलं, “म्हणजे बिचारी आजारातून न उठताच गेली म्हणायची.”

तसं नव्हतं. क्युअर करायचं म्हणजे मीठ, नायट्राइट वगैरे लावून मांस टिकवायचं. नायट्राइट अगदीच दुष्ट नाही हो. मांसाचा गुलाबी रंग त्याच्यामुळे, आणि बोट्युलिझमच्या जीवघेण्या जंतूला तेच रोखतं. (त्या रोगाच्या नावातला ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेजच!) पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं असलं टिकवलेलं मांस तंबाखूच्या पंगतीला बसवलं. पंगत पुराव्याची, धोका तंबाखूइतका नव्हे. तरी रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. माझे थोरले बंधू त्याच दुखण्यानं गेले. सॉसेज त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण तेव्हापासून आतडं म्हटलं की माझा जीव गोळा होतो.

रात्री सगळे झोपल्यावर मी फ्रीज उघडला आणि भिंग लावलं. ‘नायट्राइट घातलेले नाही’च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: ‘सेलरी पावडरमधले नैसर्गिक वगळून.’ प्रुफरीडरच्या आयुष्यात ‘वगळून’इतका कपटी शब्द दुसरा नाही!

सेलरी ही कोथिंबिरीच्या भावकीतली भाजी. तिच्यात मुळातच नायट्रेट भरपूर. जंतूंकरवी त्याचं नायट्राइट करतात आणि ती पूड मांसाला लावतात. पोटात गेल्यावर नायट्राइट काही ‘आमचं माहेर भाजीचं बरं का’ म्हणून वेगळं वागत नाही. कंपनीला चोर म्हणावं तर तीही सोय नाही. सरकारी नियमानं सेलरी ‘क्युअर’ करणाऱ्यांत धरलेलीच नव्हती, त्यामुळे पाकिटावर ‘अनक्युअर्ड’ लिहिणं भागच होतं. नियम पाळून केलेली चूक प्रुफात कशी दुरुस्त करणार?

आता सुनेला सांगायचं कसं? पहाटे साडेपाचला उठून डबा भरणाऱ्या बाईला सासऱ्यानं फुकट बसून चुका दाखवायच्या? दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या रात्री भिंग त्या ओळीवर ठेवलं आणि फ्रीज लावून टाकला.

सकाळी आवाज आला, “बाबा, तुमचं भिंग गारठलंय.” मग बराच वेळ शांतता. मग, “म्हणजे दुप्पट पैसे देऊन मी तेच आणत होते?”

“अगं, अक्षरच बारीक आहे,” मी म्हटलं.

अखेर तह झाला. टर्की फक्त शुक्रवारी, एरवी घरचं. सोमवारी डब्यात थालीपीठ निघालं. नातवानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि माझं भिंग मागितलं.

“आजोबा, याचं लेबल कुठाय?”